तात्यांनी गिअर टाकला

मी माझी इलेक्ट्रिक गाडी शेतीच्या लाईनवर चार्जिंगला लावली, आणि त्या आठवड्यात शेतीची लाईट दिवसा होती. चूक एवढीच. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री, हे आपल्याकडे शेळ्यांनासुद्धा माहीत असतं. मी मंठ्याला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो, त्यामुळे मला माहीत असण्याचं काही कारण नव्हतं.

हेही आधीच सांगतो... भूत, करणी, अंगात येणं असलं काही सांगणाऱ्याला मी वर्गाबाहेर उभं करत आलोय. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबं चिरडायची आणि मग जन्मभर समोरच्याच्या डोळ्यात अप्पर मारत हाकायची, इंडिकेटर म्हणजे शोभेचा दिवा समजायचा, दोनशे पावलांवरच्या पानटपरीवर जायला काळ्या काचांची धूड गाडी काढायची - या जमातीबद्दल माझं मत छापण्यासारखं नाही. त्यात "सर, पावसात करंट लागतो का हो?" विचारणारे वेगळेच. आणि सगळ्यात भंगार जमात म्हणजे नवी इलेक्ट्रिक गाडी घेतलेला माणूस. न विचारता भाषण देतो. मी तोच.

माझे सासरे, तात्या, केदारखेड्याला असतात. तीस वर्षं एकच डिझेलची जीप चालवली. उजवा डोळा आधीच गेलेला, डाव्यात मोतीबिंदू इतका पिकलेला की समोर माणूस आहे की म्हैस ते आवाजावरून ठरवायचे. शुगरमुळे ऑपरेशन दोनदा पुढं ढकललेलं. आता तिसरी तारीख... जालन्याला सकाळी अकराच्या आत पोचायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, यावेळी चुकलं तर हाही डोळा विसरा.

मेहुणा विलास त्याच जीपनं नेणार होता. मीच मोडता घातला. "त्या खटाऱ्यात? धूर खात? मी येतो ना." आदल्या संध्याकाळी पोचलो. गावात घरासमोर गाडी लावायला जागा नाही म्हणून ती आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या शेडवर नेली, विहिरीच्या मोटारीशेजारच्या प्लगाला वायर जोडली.

"दाजी, ह्या हप्त्याला लाईट दिवसा हाय," विलास म्हणाला.

"विलास, चार्जिंग सुरू झालंय. स्क्रीनवर दिसतंय मला."

"आत्ता दिसून राह्यलं, पण..."

"तू जीपचं बघ."

सहाला लाईट गेली. मी तेव्हा घरात भजी खात, तात्यांच्या शेजाऱ्याला डिझेल गाड्या कशा अडाणी माणसांसाठी असतात ते समजावत होतो.

सकाळी आखाड्यावर गेलो, लाईट अजून यायचीच होती. अकरा टक्के! जालना चाळीसेक किलोमीटर, गाडी म्हणते एकवीस. विलास जीपमध्ये वांगी भरून पहाटेच हसनाबादच्या बाजाराला गेलेला. एसटी गेलेली. शेजाऱ्याची गाडी मागता आली असती... पण आदल्या दिवशीची भजी आठवली. तात्यांना स्क्रीन दिसत नाही, हा एकच आधार. गुपचूप निघालो.

"एसी लावा की," तात्या म्हणाले.

"थंडी आहे तात्या."

"घाम तं तुम्हालाच आल्यासारखा वास येऊन राह्यला."

राजूरला चार्जर आहे असं ॲप सांगत होतं. होता. खोकं होतं, वायर नव्हती, आणि खोक्याला शेळी बांधलेली.

राजूर सोडून दोनेक किलोमीटर झाले आणि शून्य. स्क्रीनवर बॅटरी संपल्याचं लाल कासव आलं, मग कासवही गेलं. गाडी मेल्यासारखी मंदावली. पावणेदहा वाजलेले, कडक ऊन. माझ्या डोक्यात एकच - या माणसाचा डोळा मी घालवला. स्वतःच्या तोंडानं.

"काय झालं, जावईबापू?"

"काही नाही... जरा..."

"चढ लागला का? मंग गिअर कमी करा की."

या गाडीला गिअरच नाही. तेवढं सांगायला तोंड उघडलं, तोच तात्यांनी उजवा हात मधे घातला, हवेतच काहीतरी धरलं, आणि खाली ओढलं. जन्मभर जीपमध्ये टाकला तसाच. वर पुटपुटले, "चल गं माय."

गाडीनं हिसका दिला.

मी जे ऐकलं ते लिहितो, हसायचं तर हसा. खडखड... खडखड... खालून डिझेल इंजिनाची घरघर. स्टिअरिंग थरथरायला लागलं. आणि वास, तोच जीपचा, करपट. स्क्रीन काळीठार. माझा पाय पेडलवर होता, पण त्याला कुणी विचारत नव्हतं. तात्या चढ आला की हात खाली ओढायचे, सपाटीला वर ढकलायचे, आणि गाडी ऐकायची. मधे एकदा म्हणाले, "आता कशी बोलायली! मघाशी मेल्यावानी गप होती."

अकराला दहा कमी असताना दवाखान्याच्या दारात उभे राहिलो. तात्या उतरले, दार लावलं, आणि गाडी गप्प. ढकलून बाजूला लावावी लागली.

ऑपरेशन चालू असताना विलासचा फोन. "दाजी, जीप बंद पडली. टाकी कोरडी ठाक! पहाटे भरल्ती मी, खाली एक थेंब सांडलेला न्हाई. तात्यांना सांगू नका, मलाच शिव्या घालतील."

गाडी शेवटी दुसऱ्या वाहनावर घालून दुरुस्तीला नेली. तिथल्या माणसानं लॅपटॉप जोडला, दोनदा बघितलं. "सर, राजूरच्या पुढं ही गाडी चाललेलीच नाही." सेलचं मोजमाप चुकलं असेल, रस्ता उताराचा असेल, मला भीतीनं भास झाला असेल... फळ्यावर मांडता येईल ते सगळं मांडून पाहिलं. पंचवीस किलोमीटर कुठंच बसत नाहीत. विलासच्या टाकीचं तर मी नावच काढत नाही. खुलासा नाही माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. तात्यांना दिसायला लागलं. खिडकीतून दिसणारं झाड सांगितलं, नर्सच्या हातातलं घड्याळ वाचलं. मला राहवलं नाही. लाईट, अकरा टक्के, शेळी, सगळं कबूल केलं. म्हटलं, तात्या, तुम्ही तो हात घातला तेव्हा नेमकं काय केलंत?

"गिअर टाकला. अजून काय करत्यात?"

मग त्यांनी त्या ताज्या डोळ्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत सावकाश न्याहाळलं.

"हे ऑपरेशन," ते म्हणाले, "पोरीच्या लग्नाआधी करायला पायजेल व्हतं."