परवाच बसवलेला दरवाजा

मंडळी, आज नळदुर्गात सगळं पब्लिक किल्ल्यात धबधब्यापुढं सेल्फी काढत होतं आणि मी शहाणा एकटाच जुन्या मोहल्ल्यात शिरलो. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

एका घराचा कोरीव सागवानी दरवाजा बघून मोबाइल काढला. फोटोत पूर्ण मावावा म्हणून पावलं मोजत मागं सरकलो, तेवढ्यात आतून एक म्हातारे चाचा बाहेर आले.

"लई जुना दरवाजा आहे हो, चाचा!"

"जुना? छे, परवाच बसिवलाय."

"आणि ही दगडी पायरी?"

"ती तर कालची."

मागं वळून बघतो तर अख्खी गल्ली आपापल्या पायरीवर उभी! रस्ता रुंद करायला मोजणीवाला आलाय आणि जुनं ते आधी पाडणार, असं सगळ्यांना वाटलेलं.

मी धाराशिवचा मास्तर, नुसता बघायला आलोय, हे पटवता पटवता घाम फुटला. मग चाचांनी आत बसवून चहा पाजला. पहिल्या कपाला दरवाजा त्यांच्या आजोबांचा होता, दुसऱ्या कपाला निजामाच्याही आधीचा झाला.

निघताना म्हणाले, "फोटो खुशाल टाका, मास्तर. फकस्त दरवाजा नवा दिसंल असा टाका."

आता तुम्हीच सांगा, कुठला फिल्टर लावू?