हेडफोन माझ्या कानावरच होता

मंडळी, आत्ताच घरी आलेय. डोकं फिरलंय म्हणून लिहितेय.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या स्टुडिओत आम्ही एका प्रेमकथेची ऑडिओ सीडी करतोय. ऑफिसातले दोन वैरी शेवटी प्रेमात पडतात. नायिका मी, नायक अभिजित. जाहिरातींना आवाज देणारे आम्ही दोघं, एकमेकांची कामं पळवतच इथवर आलोय.

या सीडीपासून मात्र तो बदलला. चहा आणायचा, घरी सोडायचा. परवा पन्हाळ्यावर म्हणाला, "भांडून काय मिळालं गं आपल्याला?"

आज शेवटचा सीन होता. टेक संपला, अभिजित बाहेर गेला आणि मी काचेच्या आत डोळे पुसत उभी राहिले. बाहेरून आमच्याशी बोलायचं बटण चुकून दाबलेलंच राहिलं होतं. अभिजित रेकॉर्डिंगवाल्याला सांगत होता, "तिला खरंच वाटाय लागलंय की. वाटू दे. त्याबिगर आवाज असा भिजतोय व्हय? सीडी झाली की मी मोकळा."

मग मला म्हणाला, "राणी, अजून एक टेक देतीस?"

दिला. "तुझ्याशिवाय मला कुणी नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तोच टेक सीडीत जाणार आहे. ऐका आणि सांगा, बाई प्रेमात पडलेली वाटते का?

अभिजितला तरी वाटली.