साडूंची टाकी आणि माझं चिपाड

माझ्या साडूंचे मासे माझ्या माशांपेक्षा स्वच्छ पाण्यात राहायचे, आणि ही गोष्ट मला अजिबात सहन व्हायची नाही.

साडू म्हणजे भास्करराव, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. जालन्यात लोखंडाचं दुकान, स्वतःचा बंगला आणि बंगल्याच्या बैठकीत भिंतभर काचेची टाकी. मी अंकुशनगरला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला. क्वार्टर दोन खोल्यांचं, टाकी टीव्हीएवढी, तिच्यात चार गोल्डफिश. (साडूशी बरोबरी करायची तर कुठून तरी सुरुवात करावी लागते!)

साडूंच्या टाकीखालच्या कपाटात एक बंद डबा होता. टाकीतलं पाणी एका नळीनं डब्यात उतरायचं, आत गाळलं जायचं आणि दुसऱ्या नळीनं परत वर चढायचं. ह्याला कॅनिस्टर फिल्टर म्हणतात, हे त्यांनी मला मी चपला काढत असतानाच सांगितलं. शोभानं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्या टाकीला हळद-कुंकू वाहायचं तेवढं बाकी ठेवलं.

"अहो, दाजींचं पाणी तर बघा! मासे हवेत उडून राह्यले असं वाटतं!"

"हं," मी म्हणालो.

"आपल्या टाकीत मासा हाय का न्हाई, ते हुडकावं लागतं."

हेही मी गिळलं असतं. पण पिंपळगाव रेणुकाईहून माझे सासरे आलेले होते. गळ्यात माळ, चहा सोडला तर कसलं व्यसन नाही, बोलणं मोजकं. आम्ही दोघे जावई त्यांना मामा म्हणायचो. तर मामा टाकीसमोर खुर्ची ओढून तासभर हसऱ्या चेहऱ्यानं बसले. माझ्या घरी आले की ते पंख्याकडे बघत बसायचे! त्या तासाभरात माझ्या पोटात जे काही जळलं, त्यावर स्वयंपाक झाला असता. मामांना माझ्या घरी, माझ्या टाकीसमोर असंच बसवायचं, हे मी तिथंच ठरवलं.

औरंगाबादला जाऊन एक जुना फिल्टर मिळवला. डबा मजबूत होता, पण आतून रिकामा. त्यात भरायला दुकानदारानं चिनी मातीच्या बारक्या नळ्या काढल्या. भाव ऐकून मी त्या दोन्ही हातांनी, सांभाळून, परत ठेवल्या.

"स्वस्तात काही?"

"खर्चा करायचा नसंल तर काहीही खडबडीत, पोकळ भरा, साहेब. त्याच्यावर चांगले जंतू राहतात, ते पाण्यातली घाण खातात. पण पाण्यात उतरंल असली चीज बिलकुल नको!"

शेवटचं वाक्य मी दुकानाच्या पायऱ्या उतरता उतरता ऐकलं. ऐकलं म्हणजे कानावरून गेलं.

परतीच्या एसटीत मी विटांचे तुकडे, कौलं, दगडी कोळसा असा विचार करत अंबडपर्यंत आलो. आणि कारखान्याच्या फाटकाशी उतरलो तर समोर डोंगर! ऊस पिळून झाल्यावर निघालेल्या चिपाडाचा. कोरडं, खडबडीत, पोकळ आणि फुकट! साडूंच्या डब्यातल्या चिनी मातीच्या नळ्या परदेशातून यायच्या, माझा माल क्वार्टरच्या खिडकीतून दिसायचा.

पिशवीभर चिपाड आणलं, बादलीत खळबळून धुतलं, वाळवलं, शोभाच्या जुन्या परकराच्या कापडात बांधलं आणि डब्यात ठासलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी खरंच नितळ! मी लगेच साडूंना फोन लावला.

"साडूभाऊ, रविवारी जेवायला या. मामांना घेऊन या. आपण पण फिल्टर बसवलाय."

"अरे वा! आत काय भरलं?"

"ते आल्यावर बघा!"

शुक्रवारी पाण्यावर दुधाळ झाक आली. "जंतू घर करून राह्यले," मी शोभाला समजावलं. शनिवारी फेस आला.

"त्यांनी वास्तुशांत बी घातली वाटतं," शोभा म्हणाली.

रविवारी सकाळी आंबूस वास आला. शेजारचे शेळके फिटर दारातून डोकावले.

"साहेब, घरीच काढून राह्यले का? आपण कोणाला सांगत न्हाई. फक्त बाटलीभर ठिवा."

मी उदबत्तीचा अख्खा पुडा लावला. आता घरात कुणीतरी देवासमोर बसून ढोसत असल्यासारखा वास सुटला. आणि नेमकी दारात साडूंची जीप!

मामा उंबरठ्यातच थांबले. त्यांनी हवा हुंगली, उदबत्तीच्या धुरानं लाल झालेले माझे डोळे पाहिले.

"जावईबापू, जरा हिकडं या. तोंड उघडा."

"मामा, मी घेत नाही हो!"

"कोणीच घेत न्हाई. उघडा."

उघडलं. साडूंच्या देखत! साडू मोठ्या मनाचे, म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. (त्यांच्या ह्या मोठ्या मनाचा मला सगळ्यात जास्त राग येतो.)

तेवढ्यात शोभा किंचाळली. एक गोल्डफिश कलला होता आणि बाकीचे तिघे पाण्यावर तोंड काढून आ वासत होते.

"दाजी, जल्दी काहीतरी करा!"

दाजी! नवरा हाताच्या अंतरावर उभा असताना, तोंड अजून अर्धवट उघडं असताना, दाजी!

दाजींनी बाह्या सरसावल्या, भरून ठेवलेल्या पाण्याच्या बादलीत चौघांना अलगद सोडलं आणि फिल्टरचं झाकण उघडलं. पलीकडून शेळके ओरडले, "आपली बाटली इसरू नका!"

"साडूभाऊ, हे चिपाड?" भास्करराव म्हणाले. "अहो, ह्याच्यातली उरलेली साखर पाण्यात उतरली आणि आंबली की!"

बादलीत कललेला मासा हळूच सरळ झाला. शोभानं डोळे पुसले. "मासे थोडे दिवस माझ्याकडं राहू द्या," साडू म्हणाले, आणि मी काही बोलायच्या आत ती "हो" म्हणून मोकळी झाली.

मामा मात्र चिपाडाकडे बघत होते. माझ्या घरी आज पहिल्यांदाच ते पंख्याकडे बघत नव्हते.

"जावईबापू, पिळलेल्या चिपाडात साखर राहती?"

"राहते, मामा. थोडी."

"तुम्हाला आधीच ठाव व्हतं?"

"हो."

"कसं काय?"

मी खाली बघून म्हणालो, "कारखान्यात माझं तेच काम आहे. चिपाडात साखर किती राहिली, ते रोज तपासायचं."

मामांनी गळ्यातल्या माळेला हात लावला आणि मोठा सुस्कारा सोडला.

"मंग तुम्ही पेत असते तं बरं झालं असतं, जावईबापू. पेलेली उतरती तरी!"