पर्यायी नंबर बाबांचा

“अहो, एकटीला घर कशाला हवंय हिला?” स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. बाहेर मी केस विंचरत होते. कंगवा तिथेच थांबला.

बाबा म्हणाले, “मला काय माहीत? बँकेतून फोन आला. म्हणे, तुमच्या मुलीने बोरिवलीत वन आरकेसाठी होम लोनची चौकशी केलीय.”

चौकशी कसली, बँकेच्या ॲपमध्ये हप्ता किती बसेल एवढंच बघितलं होतं. घरी सांगणार होतेच, पण माझ्या वेळेला, माझ्या शब्दांत. नोकरी लागल्यापासून त्या एका वाक्याची तयारी चालली होती. बँकेने ते परस्पर सांगून टाकलं. मी अनोळखी फोन उचलत नाही, म्हणून त्यांनी पर्यायी नंबर लावला. खातं उघडलं तेव्हा मी कॉलेजात होते. फॉर्मवर तसा रकाना होता, आणि असा रकाना दिसला की आमच्याकडच्या मुली डोळे मिटून वडिलांचा नंबर लिहितात.

शनिवारी जोगेश्वरीच्या शाखेत गेले. बाबाही आले. मुलीने बँकेत एकटीने जायची पद्धत आमच्या घरात अजून सुरू व्हायचीय.

भिंतीवर पोस्टर होतं, ‘तुमची माहिती, तुमचा हक्क’. त्याच्याच खाली बसलेल्या मॅडमनी काचेआडून ओरडून माझी जन्मतारीख विचारली. मी हळू सांगितली.

“काय? मोठ्याने बोला!”

रांगेत माझ्या मागे उभ्या असलेल्या काकांना ती ऐकू गेली होती. त्यांनी ती खणखणीत आवाजात आत पोचवली. मग मोबाइल नंबरही त्यांनीच पोचवला. रांगेतल्या दोघी-तिघींना तो पाठ झाला असेल.

मी खाजगी माहितीबद्दलचा नवा कायदा वाचून आले होते. दिलेली संमती मागे घेता येते, आपली माहिती कुणाकुणाला दिली हे विचारता येतं. सगळी वाक्यं इंग्रजीत घोकली होती. तोंडातून निघालं, “तो दुसरा नंबर... काढायचाय.” तेही काकांनीच आत पोचवलं.

“वडिलांचा?” मॅडम बाबांकडे बघून हसल्या. “काय हो काका, भांडण झालं का?”

“छे हो. आजकालच्या मुली!”

“ॲपमध्ये तुम्हीच ‘सहमत आहे’ दाबलंय ना?” मॅडम मला म्हणाल्या. “आणि वडिलांना कळलं तर बिघडलं काय? परके आहेत का ते?” उत्तराची वाट न बघता त्यांनी स्क्रीन बाबांकडे वळवली. “हे बघा काका, अजून कायकाय बघितलंय तिने.”

बाबांनी खिशातून चष्मा काढला. काच पुसली. मागचे काकाही जरा पुढे सरकले.

त्या दिवशी माझा आवाज पहिल्यांदाच काचेपलीकडे गेला. “बाबा, तुम्ही बाहेर बसा. आणि मॅडम, स्क्रीन इकडे वळवा. खातं माझं आहे.”