मारबतीकडे मागणं

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत मारबतीची मिरवणूक बघायला गेलो होतो. तिच्या पुतळ्याबरोबर गावाची रोगराई जाते, असं आम्ही नागपूरकर मानतो. एका बंद दुकानाच्या पायरीवर माझ्याशेजारी पन्नाशीचा एक माणूस उभा होता. कडक इस्त्रीचा शर्ट, खांद्याला पाण्याची बाटली आणि उजव्या हाताला सारखा कंप. पिवळी मारबत जवळ आली तशी गर्दी ओरडू लागली. कोणी तिला खोकला घेऊन जा म्हणत होतं, कोणी महागाई. हा मात्र हाताचा भोंगा करून ओरडला, "स्किझोफ्रेनिया घेऊन जा गे मारबत!"

पुढच्या दोन बाया वळून बघू लागल्या. मीही नकळत थोडा सरकलो. ते बघून तो खो खो हसला.

"घाबरू नका गा भाऊ. बायको वारली, तवा मले तिचा आवाज ऐकू याचा. डॉक्टरनं पाच मिनिटांत हे नाव लिहून देल्लं. मले काही ते पटून नाही राहिलं."

"मग गोळ्या?"

"घेतो ना! आपल्या मनानं कायले बंद करू? हात हालते, पण झोप लागते. सोमवारी दुसऱ्या डॉक्टरले दाखवतो."

"आणि तो आवाज?"

"तो गोळीनंच नेला."

"काय म्हणायच्या हो त्या?"

तो पुन्हा हसला, पण या वेळी जरा हळू.

"काय म्हणन? 'अहो, कूलरमध्ये पाणी टाका.' यंदा उन्हाळाभर कूलर कोरडाच फिरला."