गाळ वाळेपर्यंत थांबा

मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी मी खडकीहून निघाले तेव्हा पिशवीत एक जुना ड्रेस, एक टॉवेल आणि आईने पाठवलेली शेंगदाण्याची चटणी होती. "चांगले कपडे आणू नकोस, चिखलात उतरायचंय," असं सुरेखाताईंनी बजावलं होतं. सुरेखाताई आमच्या ऑफिसातल्या माझ्या वरिष्ठ. वाघोलीच्या आतल्या अंगाला त्यांचं माहेर आहे. तिथे त्यांच्या आई, ज्यांना सगळेच आक्का म्हणतात, आणि धाकटे भाऊ बापू अजून शेती करतात. दरवर्षी मृगाच्या आधी ते विहिरीतला गाळ काढतात. त्या दोन दिवसांचं मला बोलावणं होतं.

तुम्हाला वाटेल, पुण्यात कसलं शेत? मलाही वाटलं होतं. येरवड्याला बस बदलून नगर रस्त्याने वाघोलीला उतरले आणि रिक्षावाल्याला म्हटलं, "शेतावर जायचंय." त्याने मला नावात 'शेत' असलेल्या एका सोळा मजली सोसायटीच्या दारात नेऊन सोडलं. वॉचमनला विचारलं, "इथे शेत कुठे आहे?" तो पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "पाटीवर."

शेवटी सुरेखाताई स्कूटरवर न्यायला आल्या. त्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागूनच ते शेत होतं. भेंडी, गवार, मेथीचे दोन वाफे, एक जांभळाचं झाड, दोन म्हशी, आणि मधोमध काळ्या दगडात बांधलेली विहीर. विहिरीच्या काठावर यारी (गाळ वर ओढणारं इंजिनाचं यंत्र) उभी होती.

"ये गं बाई," आक्का म्हणाल्या. "आधी पाय धू. मग च्या पी. मग कामाला लाग. पाव्हणी म्हणून आलीस तर बसून राहशील आन कंटाळशील."

यंदाचं काम मात्र दरवर्षीसारखं नव्हतं. सुरेखाताईंनी वाटेतच सांगितलं. पलीकडच्या लग्नाच्या लॉन्सवाल्याला गाड्या लावायला जागा हवी होती. विहीर बुजवून ती जागा त्याला भाड्याने द्यायचं बापूंनी ठरवलं होतं. रविवारी दुपारी राडारोड्याचा (पाडलेल्या घरांच्या विटा-मातीचा) डंपर येणार होता. आक्का ऐकेनात. शेवटी मायलेकांत ठरलं की त्याआधी गाळ काढायचा. तळाला पाणी निघालं तर विहीर राहील, नाही निघालं तर डंपर रिकामा होईल.

"आक्का, जरा प्रॅक्टिकल हो," बापू चहा पिता पिता म्हणाले. "आजूबाजूला शंभर बोअर मारलेत. तळाला काय राहिलं असणार?"

"बघू की," आक्का म्हणाल्या. "तू बशी खाली ठेव आन दोर धर."

यारी रशीदभाईंची. त्यांच्या वडिलांनीही याच विहिरीचा गाळ काढला होता. इंजिन फटफटलं, चार गडी खाली उतरले, आणि काळाभोर, कुजकट वासाचा गाळ बादलीतून वर येऊ लागला. मी पदवीपर्यंत शिकले, पण घमेलं कसं उचलावं हे मला त्या दिवशी आक्कांनी शिकवलं. कमरेतून नाही, गुडघ्यातून. गाळात सोसायटीतल्या मुलांचे क्रिकेटचे चेंडू निघाले. आक्कांनी ते धुऊन एका पाटीत ठेवले. "उद्या देऊन ये," त्या सुरेखाताईंना म्हणाल्या. "त्यास्नी काय ठाऊक, खाली विहीर हाय."

गाळ म्हणजे शेताचं खत, तो वाफ्यांत पसरायचा असतो. पण आक्का मला घमेलं घेऊन उलट्या दिशेला पाठवत होत्या, गाडीवाटेच्या तोंडाशी.

"आक्का, इथे? वाटेत?"

"तिथंच टाक. वाळू दे."

मला वाटलं, त्यांची रीत असेल. संध्याकाळपर्यंत वाटेवर माझ्या कमरेइतका ढीग झाला होता.

दुपारी जांभळाखाली जेवायला बसलो. ज्वारीची भाकरी, पिठलं, कैरी आणि कांद्याचा तक्कू (किसून, गूळ-तिखट घालून केलेलं तोंडीलावणं), वर मडक्यातलं ताक. माझी चटणी आक्कांनी चाखली आणि "आईला म्हणावं, लसूण जरा कमी," असं सांगून दोनदा घेतली. जेवण झाल्यावर तिथेच घोंगडी टाकून सगळे आडवे झाले. वरून एखादं जांभूळ टपकन अंगावर पडायचं. बापूंची जीभ जांभळी झाली होती आणि ते इतके हसत होते की याच माणसाने डंपर बोलावलाय हे मी विसरून गेले.

पाच वाजता अचानक ऊन गेलं. ढग नव्हते. पश्चिमेच्या इमारतीची सावली मेथीवर आली होती.

"आमच्याकडं दिवस आता लवकर बुडतो," आक्का म्हणाल्या. "बिल्डरनं दोन तास खाल्ले. पाणी न्हाई खाऊ देणार."

रविवारी सकाळी उठले तेव्हा रशीदभाई कठड्याशी उभे होते. गाळ संपला होता. तळाचा खडक कोरडा ठणठणीत दिसत होता. तरी गडी तळ खरवडत राहिले. अकरा वाजता रशीदभाईंनी इंजिन बंद केलं.

"आक्का, झालं. आता दगडच आहे. गड्यांची पण कंबर गेली."

बापू मोबाइल काढून डंपरवाल्याचा नंबर शोधू लागले. आक्का उठल्या, पदर खोचला आणि शिडीकडे निघाल्या.

"अगं आई, कुठे?" सुरेखाताई ओरडल्या.

"वरच्या अंगाचा कोपरा राहिलाय. तिथं झरा असतो. कोणी न्हाई खणत तर मी खणते."

रशीदभाईंनी कपाळावर हात मारला. "बसा तुम्ही! तुम्ही उतरलात तर माझा बाप कबरीतून उठून मला मारेल." त्यांनी गड्यांना हाक दिली आणि स्वतःही खाली उतरले. अर्धा तास फक्त पहारीचा आवाज येत होता. मग तो आवाज बदलला. खालून रशीदभाईंची हाळी आली, "ओल आहे! आक्का, ओल आहे!"

कोपऱ्यातून बोटभर धार निघाली. मी आमच्या गावच्या टँकरच्या रांगेत पुस्तक वाचत मोठी झालेली मुलगी. पाणी असं दगडातून येताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला रडू आलं.

पण अजून एक रीत बाकी होती. त्या घरात नव्या झऱ्याचं पहिलं पाणी घरचं कोणी पीत नाही. बाहेरच्या माणसाने चाखायचं आणि सगळ्यांसमोर चव सांगायची. आक्का म्हणाल्या, "आपलं पाणी आपल्याला गोडच लागतं. त्याला काय अर्थ हाय?" एरवी हा मान रशीदभाईंचा असे. यंदा त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला. "मी पण आता घरचाच झालो," ते म्हणाले.

पाणी फडक्यातून गाळलेलं होतं. मी घोट घेतला आणि तोंडातच धरून ठेवला. मचूळ होतं. चांगलंच मचूळ. समोर बापू टक लावून बघत होते. आक्कांनी दोन दिवस मला वाढलं होतं, माझ्या हाताच्या फोडांना हळद लावली होती. 'गोड' म्हणायला काय जात होतं? पण आमच्या शाळेत विज्ञानाच्या बाई म्हणायच्या, जे दिसलं तेच वहीत लिहायचं, आवडलं ते नाही. त्या बाईंमुळे मी शिकले.

"आक्का," मी म्हटलं, "मचूळ आहे."

बापूंनी सुस्कारा टाकला. "बघ. पिण्याजोगंही नाही. बुजवू या आता."

आक्कांनी माझ्या हातातून तांब्या घेतला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "खरं बोलली पोर. मचूळच हाय." मग त्या बापूंकडे वळल्या. "काय ठरलं होतं? पाणी निघालं तर विहीर राहील. सरबत निघालं तर न्हवं. भेंडीला कुठं चव कळती?"

तेवढ्यात वाटेवर हॉर्न वाजला. डंपर आला होता आणि गाळाच्या ढिगापुढे अडला होता. ड्रायव्हर खाली उतरला.

"ओ मावशी, हा ढीग बाजूला घ्या. गाडी आत घ्यायचीय."

"घेते की," आक्का म्हणाल्या. "वाळू दे. ओला गाळ उचलत न्हाईत."

"किती दिवस लागतात वाळायला?"

"लागतील पंधरा-वीस."

"तोवर पाऊस येईल की!"

"मग पुन्हा भिजंल," आक्का शांतपणे म्हणाल्या. "मग पुन्हा वाळू द्यायचा."

आता कुठे मला तो वाटेतला ढीग कळला. कोरडी विहीर निघाली असती तरी तो डंपर आत गेला नसता. सुरेखाताई पदरात तोंड घालून हसत होत्या. ड्रायव्हर बापूंकडे बघू लागला. बापूंनी आईकडे पाहिलं, मग ढिगाकडे. डोकं खाजवलं.

"जा राव, दुसरीकडे टाक," ते म्हणाले. "लॉन्सवाल्याला मी फोन करतो." आणि त्यांनीच पहिलं घमेलं भरून मेथीच्या वाफ्याकडे नेलं.

रविवारी संध्याकाळी मी परतले. पिशवीत जांभळं, दोन जुड्या मेथी आणि उकळून गार केलेल्या त्या पाण्याची एक बाटली होती. बसमध्ये शेजारच्या बाईंनी विचारलं, "पाणी आहे का हो थोडं?"

"आहे. पण मचूळ आहे."

त्यांनी गटागटा प्यायलं आणि तोंड पुसलं. "आहे खरं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा बाटली तोंडाला लावली.

खडकीला उतरले तेव्हा हाताचे फोड ठणकत होते. लोक मला सांगतात की त्या भागातलं शेत आणखी फार वर्षं टिकायचं नाही. सांगू देत. आक्कांनी मला पुढच्या मे महिन्याचं आवतण आत्ताच दिलंय, चव सांगायला. पाणी मचूळ लागलं तर मी मचूळच म्हणणार आहे. आणि गाळाचं पहिलं घमेलं वाटेच्या तोंडाशीच टाकणार आहे.