रिक्षाने व्यायामाला

डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज चाला, नाहीतर हृदय दगा देईल. पण दिवसभर गांधीबागेतल्या दुकानात कापडाचे तागे उचलून मी संध्याकाळी इतका थकलेला असे, की चालण्यासाठी शक्ती वाचावी म्हणून मैदानापर्यंत सायकलरिक्षाने जाई. केवढी ही दूरदृष्टी! एकदा चढावर माझ्याहून वयस्कर रिक्षावाला उतरून, धापा टाकत रिक्षा ओढू लागला.

“रोज काहून येऊन राहिले साहेब इकडं?”

“व्यायामाले.”

तो थांबलाच. “मंग उतरा की! तुम्ही ओढा, मी बसतो.”

मी हसलो आणि बसूनच राहिलो, हे कबूल करायला हवं. मैदानाशी तो घाम पुसत माझ्याकडे पाहत बसला. त्याच्यादेखत रोजचं, अर्ध्या फेरीतच थकल्याचं सोंग जमेना. त्या दिवशी मी प्रथमच पूर्ण फेरी मारली आणि घरीही पायीच गेलो.